स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला संशोधनात सहभागी करताना: सहीच्या आधी काय, सहीनंतर काय

विसरपणा वाढलेल्या आजींना किंवा वडिलांना घेऊन न्यूरोलॉजीच्या ओपीडीत चार-दोन वेळा गेलात, की कधीतरी कोऑर्डिनेटर बाजूला घेऊन विचारते, "आमच्याकडे एक स्टडी चालू आहे, यांना घ्यायचं का?" इथून पुढे बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी सही, मग चौकशी, मग भावंडांशी चर्चा, आणि दोन-तीन खेपांनंतर "आम्हाला झेपत नाही" म्हणून मधूनच माघार. यात रुग्णाची दगदग होते आणि अभ्यासाचंही नुकसान होतं.

हो म्हणावं की नाही, हे प्रत्येक घराने आपलं आपण ठरवायचं. खाली दिला आहे तो फक्त कामाचा क्रम. तो शक्यतो मोडू नका.

टप्पा १: नक्की कशासाठी विचारताहेत ते ओळखा

'स्टडी' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात.

पहिला प्रकार नुसत्या निरीक्षणाचा. रक्त घेतात, एमआरआय काढतात, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतात आणि ठरावीक काळाने पुन्हा बोलावतात. औषध देत नाहीत. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर भागात चाललेला अभ्यास असाच आहे. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, हा अंदाजही 'लासी-डॅड' नावाच्या अशाच देशव्यापी पाहणीतून आला.

दुसरा प्रकार औषधाच्या चाचणीचा. यात एका गटाला नवं औषध मिळतं, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी. कोणाला काय मिळतंय हे बहुधा डॉक्टरांनाही माहीत नसतं आणि गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो. "आमच्या बाबांना खरं औषध द्या ना" ही विनंती म्हणूनच कोणी मान्य करू शकत नाही.

तिसरा प्रकार काळजी आणि आधाराचा. याचं जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे. तिथल्या दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जाऊन आजाराची माहिती देत आणि रुग्णाच्या चिडचिडीला, रात्रीच्या जागण्याला कसं तोंड द्यायचं ते सांगत. गरज असेल तिथे मनोविकारतज्ज्ञ तपासत. निम्म्या कुटुंबांना ही मदत लगेच मिळाली, उरलेल्यांना ६ महिन्यांनंतर. सहा महिन्यांत फरक दिसला तो सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात. अशा अभ्यासात तुमचं नाव 'नंतरच्या' गटात आलं तर आपल्याला डावललं असं समजू नका. तुलना करायला तो गट लागतोच.

तिन्ही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट आहे. उपचारात डॉक्टर तुमच्या माणसासाठी निर्णय घेतात. संशोधनात ते आधी लिहून ठेवलेल्या आराखड्याप्रमाणे चालतात. डॉक्टर तेच, खोली तीच, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

सावधान: "संशोधन आहे" असं सांगून कोणी इंजेक्शनचे किंवा 'स्टेम सेल'चे पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. फक्त संशोधनासाठी होणाऱ्या गोष्टींचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकायचा नाही, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. स्मृतिभ्रंशावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. मंजूर चाचणीबाहेर तो देताच येत नाही.

टप्पा २: नोंदणी तपासा

हे मोबाइलवरही होतं, तरी सहसा कोणी करत नाही. भारतातल्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआयवर असते. ती २००७ पासून चालू आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते. कोऑर्डिनेटरकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या. त्यात सीटीआरआय ही अक्षरं, वर्ष, महिना आणि शेवटी एक आकडा असतो. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की पूर्ण नोंद उघडते. तिच्यात एवढं पाहा:

१. तुमच्या रुग्णालयाचं आणि तिथल्या मुख्य संशोधकाचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का.
२. त्या केंद्राच्या एथिक्स कमिटीपुढे (सहभागींचं हित पाहून संशोधनाला परवानगी देणारी समिती) 'मंजूर' लिहिलंय की अजून 'विचाराधीन'.
३. भरती चालू आहे की बंद झाली.
४. कोणाला घेणार आणि कोणाला नाही. वय, इतर आजार, चालू औषधं हे सगळं इथे दिलेलं असतं. अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच निकालात निघतो आणि एक खेप वाचते.

औषधाची चाचणी असूनही क्रमांक मिळत नसेल तर पुढे जायचं कारण नाही. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाची नोंद तिथे असेलच असं नाही, पण एथिक्स कमिटीची मंजुरी त्यालाही लागते. ते पत्र दाखवायला सांगा. मागितलं म्हणून कोणी नाराज होत असेल, तर ती नाराजीही लक्षात ठेवा.

टप्पा ३: घरची फाइल तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

निदान पक्कं आहे का, हा पहिला प्रश्न. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, अगदी कमी ऐकू येणं, यांमुळेही माणूस विसराळू दिसतो. हे तपासून झालं नसेल तर संशोधन राहू द्या, आधी ते करून घ्या.

मग औषधांची यादी. 'सगळी' म्हणजे सगळी. डॉक्टरांनी दिलेली बीपी-शुगरची, रक्त पातळ करणारी, शेजारच्या काकूंनी सुचवलेला काढा, ऑनलाइन मागवलेली 'ब्रेन टॉनिक'ची बाटली, रात्री अधूनमधून घेतली जाणारी झोपेची अर्धी गोळी. प्रत्येकीचं नाव, डोस आणि केव्हापासून. नाव वाचता येत नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अल्झायमरसाठी आलेल्या लेकानेमॅबसारख्या नव्या अँटिबॉडी औषधांनी काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो. तिथे रक्त पातळ करणारी गोळी यादीतून सुटणं जिवावर बेतू शकतं.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, शरीरात कुठे धातू असेल तर एमआरआयच्या आधी सांगायचं असतं. ऑपरेशनचं जुनं कार्ड शोधून फाइलला लावा. बंद जागेत घाबरायला होत असेल तर तेही लिहा.

शाळा किती इयत्तेपर्यंत आणि कोणत्या माध्यमातून झाली, घरात बोली कोणती, हे खरं सांगा. स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे गुण शिक्षणाप्रमाणे वेगळे धरले जातात. चौथी शिकलेल्या आजींना मुलगा कौतुकाने 'मॅट्रिक' करून टाकतो आणि त्यांचा आजार कागदावर आहे त्यापेक्षा वाढतो.

शेवटी प्रसंगांची वही. "बाबा विसरतात" यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. असं लिहा: "मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर तासाभराने पुन्हा ताट मागितलं. वाढलं नाही म्हणून रागावले." किंवा "गॅसवर दूध ठेवून देवपूजेला बसल्या, भांडं जळाल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत." तारीख, वेळ, काय झालं, आधी हे जमत होतं का. दोन आठवड्यांची अशी वही दोन वर्षांच्या आठवणींपेक्षा उपयोगी पडते.

तपासून पाहा: जुने एमआरआय फक्त रिपोर्टच्या कागदावर आहेत की सीडीही आहे? कागदावरचा निष्कर्ष पुरत नाही, संशोधक चित्रं मागतात.

टप्पा ४: सांभाळणारं माणूस ठरवा

स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक अभ्यासांत रुग्णाबरोबर एक घरचं माणूस लागतं. ते कोऑर्डिनेटरला 'स्टडी पार्टनर' म्हणून हवं असतं. रुग्णाच्या दिवसभराच्या वागण्याची माहिती हेच माणूस देतं, औषधावर लक्ष ठेवतं, खेपांना सोबत येतं.

आपल्याकडे हे पद मानाने दिलं जातं, तिथेच गडबड होते. थोरला मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात, महिन्यातून एकदा येणारा. तरी कागदावर नाव त्याचं. आईला अंघोळ घालणारी, रात्री तीनला दाराची कडी काढताना धरून आणणारी सून बाकावर गप्प बसलेली. डॉक्टर विचारतात, "कपडे स्वतः घालतात का?" मुलगा म्हणतो, "हो हो, सगळं स्वतःच करतात." सून काही बोलत नाही, कारण सासूबाई समोर बसल्या आहेत. अशी दोन-तीन उत्तरं गेली की आजाराची पायरीच चुकीची लिहिली जाते.

नाव त्याच माणसाचं द्या जे रुग्णाबरोबर सर्वांत जास्त तास असतं. दिवसभराची मावशी लावली असेल तर तिच्याशी रोज बोलणारं माणूस.

मग वेळापत्रक मांडा, औषधाचा विचार त्यानंतर. लेकानेमॅब शिरेतून देतात आणि सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. अशा वेळापत्रकाची चाचणी असेल तर वर्षाच्या सव्वीस खेपा, वर एमआरआयच्या वेगळ्या. कोण रजा काढणार, गाडी कुठून, मुलांना शाळेतून कोण आणणार, दिवाळीत गावी जायचं असेल तर काय, हे कागदावर लिहा. माझं मत स्पष्ट आहे: पर्यायी माणूस मिळत नसेल तर खेपांचा अभ्यास घेऊ नका. निरीक्षणाचा किंवा घरी येऊन करणारा चालेल. प्रवासखर्च मिळतो का, ते आत्ताच विचारा. बहुतेक अभ्यासांत त्याची तरतूद असते, पण स्वतःहून कोणी सांगतंच असं नाही.

सांभाळणाऱ्यालाही प्रश्नावली भरायला देतात. 'झारिट' नावाची २२ प्रश्नांची एक बरीच वापरात आहे. तुम्हाला थकवा येतो का, राग येतो का, स्वतःसाठी वेळ उरतो का, असे प्रश्न. त्यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर, "आईवडिलांचं करण्यात कसला त्रास?" हे उत्तर अभ्यासाच्या काही उपयोगाचं नाही आणि तुमच्याही नाही. प्रश्नावली वेगळ्या खोलीत, रुग्ण आणि इतर नातेवाईक नसताना भरायची, असं आधीच सांगून ठेवा. खरोखर डोईजड होत असेल तर अभ्यास संपायची वाट पाहू नका. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, दोन्ही सरकारी आणि मोफत आहेत.

टप्पा ५: माहितीपत्रक घरी आणा

संमतीपत्राला जोडून माहितीपत्रक असतं. ते मराठीत मागा. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणं संशोधकांवर बंधनकारक आहे. "इथेच वाचा आणि सही करा" असं म्हणाले तर "घरी नेतो, पुढच्या वेळी सांगतो" म्हणा. सरळ काम करणारी टीम याला कधीच नाही म्हणत नाही.

घरी वाचताना समासात प्रश्न लिहा. एवढे तरी हवेतच:

- आत्ता चालू असलेली डोनेपेझिल किंवा मेमँटिन ही स्मृतिभ्रंशाची औषधं बंद करणार का?
- पाठीतून पाणी काढणार का? किती वेळा?
- जनुकांची तपासणी आहे का? अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या 'एपीओई-४' या जनुकाचा निकाल आम्हाला सांगणार की नाही? या निकालाचा संबंध मुलांशीही येतो, म्हणून तो ऐकायचा आहे का ते घरात आधी ठरवा.
- रक्ताचे नमुने कुठे आणि किती वर्षं ठेवणार? परदेशी जाणार का?
- अभ्यास संपल्यावर औषध गुणकारी वाटलं तर ते पुढे मिळणार का?
- रात्री-अपरात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर कोण फोन उचलणार?

शेवटच्या प्रश्नाला 'रुग्णालयाचा बोर्ड नंबर' हे उत्तर घेऊ नका. माणसाचं नाव घ्या.

टप्पा ६: संमती, कोणाची आणि कशी

स्मृतिभ्रंश आहे म्हणून माणसाचं मत संपलं असं होत नाही. आजाराच्या सुरुवातीला बरेच रुग्ण समजून संमती देऊ शकतात आणि तिथे सही त्यांचीच हवी, मुलाची नाही. पडताळा सोपा आहे. डॉक्टरांनी समजावल्यावर रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावं: हे कशासाठी आहे, त्रास काय होऊ शकतो, नाही म्हटलं तर काय होईल.

ते जमत नसेल तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी संमती देतो. तरीही रुग्णाला समजेल तेवढं सांगायचं आणि त्यांचा होकार घ्यायचा. हात झटकला, रडू आलं, खोलीतून उठून निघाले, तर तो नकार समजायचा. संमती देण्याची क्षमता नसलेल्या मनोरुग्णांवरील संशोधनासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ९९नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. "आमच्या रुग्णाच्या बाबतीत ती लागते का, घेतली आहे का?" हा प्रश्न टीमला विचाराच.

प्रत्यक्ष सहीच्या वेळी:

१. रुग्णाला किंवा प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर टीमबाहेरचा निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. अंगठा घेऊन नंतर साक्षीदाराची सही घेणं चालत नाही.
२. असुरक्षित गटातल्या (स्वतःचं हित स्वतः जपणं अवघड असलेल्या) रुग्णावर पूर्णपणे नव्या रेणूची चाचणी असेल तर औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा पाहून बिचकू नका, त्यात तुमचंच संरक्षण आहे.
३. तारीख सही करणाऱ्याने स्वतः घालायची. आधीच भरलेली तारीख दिसली तर थांबा.
४. संमतीपत्र आणि माहितीपत्रक, दोन्ही कागदांची प्रत त्याच दिवशी घरी न्यायची.

सावधान: संमतीपत्राच्या प्रतीशिवाय कोणतीही तपासणी सुरू होऊ देऊ नका. "झेरॉक्स मशीन बंद आहे, पुढच्या वेळी देतो" हे वाक्य फार ठिकाणी ऐकू येतं. खाली दुकान असतंच.

टप्पा ७: चाचणीच्या दिवशी

रुग्णाचा मेंदू ज्या वेळी ताजा असतो ती वेळ मागा. बहुतेकांची सकाळची. चष्मा, कानाचं यंत्र, त्याचे जादा सेल, दात बसवले असतील तर ते. चष्मा विसरल्यामुळे घड्याळाचं चित्र चुकलं तर गुण जातात स्मरणशक्तीचे. रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे का ते आदल्या दिवशी विचारा, नाहीतर मधुमेही माणूस चाचणीला बसेपर्यंत घामाघूम होतो.

आणि घरी तालीम घेऊ नका! रिक्षातच सुरू होतं: "बाबा, वार विचारला तर गुरुवार सांगा. पंतप्रधान कोण, आठवतंय ना?" हेतू चांगला, परिणाम वाईट. पाठ करून मिळवलेल्या गुणांवर रुग्ण चुकीच्या गटात जातो किंवा 'आजार पुरेसा नाही' म्हणून नाकारला जातो. पुढच्या वेळी तालीम राहून गेली की आजार झपाट्याने वाढल्याचं दिसतं. चाचणी चालू असताना मागे उभं राहून ओठ हलवणंही यातच आलं. खोलीबाहेर बसा.

तपासणीनंतर "यांना घेता येणार नाही" असं बऱ्याच जणांना सांगतात. वाईट वाटून घेऊ नका, पण रिकाम्या हाताने परतूही नका. झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट मिळतील का ते विचारा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना उपयोगी पडतील.

टप्पा ८: अभ्यास चालू असताना

अभ्यासात सहभागी असल्याचं कार्ड रुग्णाच्या पाकिटात आणि तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा. रुग्ण पडला, चक्कर आली, दुसऱ्या रुग्णालयात भरती करावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: हे औषधाच्या चाचणीत आहेत. मग अभ्यासाच्या डॉक्टरांना फोन. "साधं पडणं आहे, सोमवारी सांगू" असं करू नका. भरती व्हावं लागणं ही नियमांच्या भाषेत गंभीर घटना असते आणि ती समजल्यापासून २४ तासांत वरपर्यंत कळवणं संशोधकावर बंधनकारक असतं. तातडीची गरज पडली तर रुग्णाला औषध मिळत होतं की प्लासिबो, हे उघड करण्याची सोयही असते.

चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. इजेचा संबंध चाचणीशी आहे असं ठरलं तर भरपाईही. यासाठी बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि फोन केल्याची तारीख-वेळ एका पाकिटात जमवत जा. तक्रार संशोधक ऐकत नसतील तर थेट एथिक्स कमिटीकडे करता येते. तिचा संपर्क माहितीपत्रकावर छापलेला असतो.

उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत द्यायची असतात. डोस चुकला असेल तर चुकला म्हणून सांगा, खेपेच्या आदल्या रात्री गोळ्या मोजून जास्तीच्या फेकून देऊ नका. नवीन कोणतंही औषध, मग ती दातांच्या डॉक्टरांची अँटिबायोटिक का असेना, आधी विचारून.

टप्पा ९: बाहेर पडताना

मधूनच थांबायचा अधिकार रुग्णाला आणि प्रतिनिधीला कायम असतो. कारण देणं बंधनकारक नाही आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. फक्त फोन उचलायचं बंद करून गायब होऊ नका. काही औषधं एकदम तोडता येत नाहीत, आणि शेवटची एक तपासणी रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच असते. "औषध थांबवायचंय, पण फोनवर माहिती देत राहू" असा मधला मार्गही निघतो.

अभ्यास पुरा करून बाहेर पडलात तर तीन गोष्टी मागा: आता कोणती औषधं चालू ठेवायची याची लेखी यादी, एमआरआयची सीडी, आणि आम्हाला औषध मिळालं की प्लासिबो हे केव्हा कळेल त्याचं उत्तर. ते सगळ्या केंद्रांचं काम संपल्यावरच उघड होतं, त्यामुळे मध्ये बराच काळ जाऊ शकतो. घर किंवा फोन नंबर बदलला तर कोऑर्डिनेटरला कळवून ठेवा.

शेवटच्या खेपेबरोबर दर महिन्याची विचारपूसही थांबते, आणि सांभाळणाऱ्याला ते चांगलंच जाणवतं. पुढची तारीख कोणत्या ओपीडीत, कोणत्या डॉक्टरांकडे, हे त्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्या.